मंद दिव्याचा दोष कुठे असतो?

धायरी फाट्यावरून रात्री खडकवासल्याकडे जाताना पाहा. एखाद्या मोटारीचा एक दिवा लख्ख, तर दुसरा पिवळट दिसतो. मालक नवा बल्ब आणतो, तरीही दिवा मंदच! मग दोष कुठे? ओहमचा नियम ज्याला ठाऊक आहे, त्याला तो घरच्या अंगणातही शोधता येतो.

बॅटरीच्या धन टोकापासून दिव्यापर्यंत तार असते. परतीची तार मात्र जवळच्या पत्र्याला स्क्रूने जोडतात. पुढची वाट गाडीचा सांगाडाच पुरवतो. या जोडाला कारागीर ‘अर्थिंग’ म्हणतात. पावसाळ्यात तिथे गंज चढतो आणि रोध वाढतो.

आता हिशेब करू. १२ व्होल्टवर ६० वॅटचा हॅलोजन दिवा ५ अँपिअर धारा घेतो. म्हणजे तापलेल्या तंतूचा रोध २.४ ओहम. तो तेवढाच राहतो असे धरू. गंजाने ०.४ ओहमची भर घातली, तर धारा सुमारे ४.३ अँपिअर होते. जोडावर १.७ व्होल्ट खर्ची पडतात आणि दिव्याला १०.३ व्होल्टच उरतात. विभवांतर १४ टक्क्यांनी घटते. प्रकाश मात्र सुमारे ४० टक्क्यांनी!

पडताळा सोपा आहे. दिवा लावून व्होल्टमापकाचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला, दुसरे दिव्याच्या परतीच्या तारेला लावा. वाचन शून्याजवळ हवे. अर्ध्या व्होल्टहून अधिक आले, तर दिवा बंद करून जोड सोडवा, पॉलिश कागदाने घासा आणि घट्ट आवळा. दोन्ही दिवे मंद असतील, तर आधी बॅटरी व तिची टोके तपासा. दिवा मुळीच लागत नसेल, तर फ्यूज पाहा. मग दोन बाजूंचे बल्ब अदलाबदल करून पाहा. बल्ब थंड झाल्यावरच काढा आणि त्याच्या काचेला बोट लावू नका.

काही जण मंद दिव्यावर १०० वॅटच्या बल्बचा उपाय करतात. त्याचा रोध १.४४ ओहम. धारा वाढून ६.५ अँपिअर होते आणि गंजलेल्या जोडावरील उष्णता ७ वॅटवरून १७ वॅटवर जाते! प्लॅस्टिक वितळते, प्रसंगी आगही लागते. शिवाय समोरच्याचे डोळे दिपतात, ते वेगळेच.

नव्या गाड्यांतील एलईडी दिव्यांना हा हिशेब जसाच्या तसा लागू नाही. ते जाणकाराकडेच न्यावेत. तुमच्या घरच्या गाडीत हॅलोजन दिवे असतील, तर वडीलधाऱ्यांना बरोबर घेऊन दोन्ही जोडांची वाचने घ्या आणि ताडून पाहा.