नोंद आढळून येत नाही

निवडणूक जाहीर झाली की बुलढाणा जिल्ह्यात घाटाखालच्या पोलीस ठाण्यांत एक वेगळी गर्दी दिसू लागते. कुणाच्या काखेत पोत्यात गुंडाळलेली लांबट वस्तू, कुणाच्या खांद्यावर जुन्या धोतराचं गाठोडं, आणि प्रत्येकाच्या खिशात प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेला परवाना. निवडणुकीपुरत्या बंदुका जमा करायच्या यादीत छाननी समितीने नाव घातलं म्हणून आलेली ही माणसं. बहुतेक शेतकरी. रोही आणि रानडुकरं एका रात्रीत हरभरा नाहीतर मका आडवा करतात, म्हणून आजा-पणजाच्या काळात पीक संरक्षणासाठी परवाने काढलेले. बंदुकाही त्याच काळातल्या: एकनळी, बारा बोअर, नाहीतर भरमार, म्हणजे नळीच्या तोंडातून बारूद आणि छर्रे गजाने ठासायचे.

अशाच एका ठाण्यात मी अर्धा दिवस बाकावर बसून होतो. काम साधं वाटतं. हवालदार परवाना उघडतो, नंबर वाचतो, शिपाई बंदुकीवरचा नंबर वाचतो. जुळला की पावती. पण जुळण्यातच सगळी गोम आहे.

सत्तरीच्या एका बाबांची भरमार टेबलावर आली. दस्ता तेलपाण्याने काळा झालेला, घोड्याचा स्क्रू बदललेला. नळीवरचा नंबर गंजाखाली गेला होता. शिपायाने रॉकेलचा बोळा फिरवला, मग त्यावर खडू घासला. खोलगट रेघांत पांढरी पूड बसली आणि आकडे वर आले. पहिला आकडा इंग्रजी 1. हवालदाराच्या हातातल्या संगणकी यादीत तिथे 9 होता.

"बाबा, नंबर जुळत नाही."

"नंबर कायले पायजे साहेब? ते बंदूक मलेच वयखते."

सगळे हसले. हवालदार हसला नाही. त्याने बाबांचा मूळ हस्तलिखित परवाना मागितला. त्यावर शाईने मराठी आकड्यात '१' लिहिलेला. वळणदार, शेपूट लांब ओढलेला. संगणकात भरताना कुणीतरी तो इंग्रजी 9 म्हणून वाचला, इतकंच. मराठी '५' सुद्धा घाईत इंग्रजी 4 दिसतो. लिपीच्या उंबरठ्यावर अडखळलेला एक आकडा, आणि सरकारी नोंदीनुसार बाबांच्या परवान्यावर जी बंदूक आहे ती त्यांच्या घरात नाही. जी घरात आहे तिची नोंद नाही.

गंमत म्हणून सोडून देण्यासारखं हे नाही. 2016 च्या शस्त्र नियमांनंतर प्रत्येक परवान्याची माहिती राष्ट्रीय संगणकी नोंदवहीत जाते आणि परवानाधारकाला यूआयएन नावाचा ओळख क्रमांक मिळतो. हा क्रमांक घ्यायची मुदत वाढत वाढत 29 जून 2020 वर आली. त्यानंतर क्रमांक नसलेला परवाना अवैध. म्हणजे पोलिसाने एखादा नंबर तपासायला दिला, तर उत्तर या नोंदीतून येतं. नोंद चुकली असेल तर उत्तर ठरलेलं: 'सदर क्रमांकाच्या शस्त्राची नोंद आढळून येत नाही.'

या एका ओळीवर पुढे बरंच काही उभं राहतं. शस्त्र कायदा 1959 चं कलम 22 दंडाधिकाऱ्याला घरझडतीचा अधिकार देतं. कुणी बेकायदा हेतूने शस्त्र बाळगलंय किंवा त्याच्या हाती शस्त्र राहणं सार्वजनिक शांततेला धोक्याचं आहे, असं मानायला कारण असलं पाहिजे, आणि ते कारण आधी लिहून ठेवलं पाहिजे. झडतीला दंडाधिकारी स्वतः किंवा खास अधिकार दिलेला अधिकारी हजर हवा. तपासात वॉरंटशिवाय झडती घ्यायची वेळ आली, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 185 पोलिसालाही कारणं लिहायला लावतं आणि त्यांची प्रत 48 तासांत दंडाधिकाऱ्याकडे पाठवायला सांगतं. कारण लिहायची ही सक्ती घरमालकाचं संरक्षण आहे. पण कारण म्हणून नोंदवहीचा उतारा जोडला, की तो उतारा कोणी पारखायचा?

कलम 8 तर आणखी कडक. नंबर खोडलेलं किंवा नंबरच नसलेलं शस्त्र ज्याच्या ताब्यात, त्यानेच तो खोडला असं गृहीत धरलं जातं. उलट सिद्ध करायची जबाबदारी त्याची. बाबांच्या नळीवर गंज आणखी दोन पावसाळे चढला असता तर?

चुकलेल्या नोंदीची बंदूक हे एक टोक. नोंदच नसलेल्या बंदुकांच्या दुसऱ्या टोकाला सातपुडा आहे. संग्रामपूर तालुक्यातल्या सोनाळा, टुनकी भागापलीकडे मध्य प्रदेशाची हद्द लागते. तिकडच्या बुऱ्हाणपूर जिल्ह्यातलं पाचोरी गाव देशी पिस्तुलांसाठी अनेक राज्यांच्या पोलिसांना ठाऊक आहे. गावठी कट्ट्याला नंबर नसतो, नोंद नसते. त्याची ओळख म्हणजे पंचनाम्यातलं वर्णन: लांबी, मुठीचा रंग, मॅगझीन, 'जिवंत काडतूस' किती. म्हणून वस्तू जागेवरच पाकिटात घालून लाखेची मोहर लावायची, पंचांच्या सह्यांची चिठ्ठी चिकटवायची. अमरजितसिंग विरुद्ध पंजाब राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये रिव्हॉल्व्हर जागेवर मोहरबंद न करणं ही गंभीर त्रुटी मानली. 1 जुलै 2024 पासून झडती-जप्तीचं चित्रीकरणही बंधनकारक आहे. पण कॅमेरा दार उघडल्यानंतरचं दाखवतो. दार ठोठावायचं कारण खरं होतं का, हे त्याला दिसत नाही.

नोंदवहीच्या उताऱ्यावर किती विसंबायचं, हा प्रश्न अमेरिकेत तीस वर्षांपूर्वी चव्हाट्यावर आला. मशीनगनसारख्या शस्त्रांची तिथे 1934 च्या कायद्यापासून केंद्रीय नोंदवही आहे. तिचे प्रमुख थॉमस बुसी यांनी 1995 मध्ये आपल्याच खात्याच्या प्रशिक्षणात सांगून टाकलं, की आम्ही कोर्टात नोंदवही शंभर टक्के अचूक असल्याची साक्ष देतो, पण ती तशी नसेलही. आपण आलो तेव्हा चुकांचं प्रमाण 49 ते 50 टक्के होतं, आता ते 8 टक्क्यांखाली आणलंय. त्या साक्षींवर माणसांना दोषी ठरवलं गेलं होतं.

आपल्याकडे विनापरवाना बंदूक बाळगायला 2019 च्या दुरुस्तीनंतर किमान 2 आणि कमाल 5 वर्षं कैद आहे. खटला भरायला जिल्हा दंडाधिकाऱ्याची मंजुरी लागते, ही एक चाळणी. गंमत अशी की परवान्याची नोंदही त्यांच्याच कार्यालयात असते. मंजुरीची फाईल पुढे आली की मूळ रजिस्टर काढून हस्ताक्षर पाहायला तिथे दहा मिनिटं पुरतील. 'नोंद सापडत नाही' आणि 'परवाना नाही' ही दोन वेगळी वाक्यं आहेत, एवढं त्या दहा मिनिटांत कळतं.

बाबांना त्या दिवशी पावती मिळाली. हवालदाराने तिच्यावर दोन्ही नंबर लिहिले आणि खाली 'पडताळणी व्हावी' असा शेरा मारला. कायद्याच्या पुस्तकात न सांगितलेलं, पण शहाणपणाचं काम.

घरात वडिलोपार्जित बंदूक असेल, तर एकदा उजेडात नळीवरचा नंबर वाचा. जुना परवाना आणि यूआयएनची नोंद शेजारी ठेवून आकडा आकडा लावून बघा. फरक दिसला तर दुरुस्तीचा अर्ज लेखी द्या, आणि पोच घेतल्याशिवाय कलेक्टर कचेरीची पायरी उतरू नका.