ऑनलाइन विकायला माल भरताय? आधी मागणी आणि स्पर्धा अशी तपासा (चकलीच्या सोऱ्याचं उदाहरण)



मागच्या महिन्यात आमच्या बॅचमधल्या एका ताईंचा रात्री साडेनऊला फोन आला. "मॅडम, चकलीच्या सोऱ्याचे २०० नग घेतेय. होलसेलवाला २४० ला द्यायला तयार आहे. ऑनलाइन टाकते. दिवाळीत हातोहात जातील ना?"

२०० गुणिले २४०, म्हणजे ४८ हजार. पैसे कुठून आणताय विचारलं, तर म्हणाल्या बचत गटातून कर्ज मंजूर झालंय, उद्या होलसेलवाल्याला द्यायचेत. मी म्हटलं, ताई, आठ दिवस थांबा. भाव वाढला तर नगामागे पाच-दहा रुपये जास्त जातील, पण आधी बघू तरी.

एवढं ठामपणे सांगितलं, कारण मी स्वतः पोळले आहे. आमचं कराडला भांड्यांचं दुकान आहे. काही वर्षांपूर्वी दिवाळीत घडीचे आकाशकंदील ठेवले होते, ४० नग आठवड्यात संपले. मला वाटलं, दुकानात एवढे जातात तर ऑनलाइन किती जातील! आणखी १५० उचलले. फोटो काढण्यात आणि लिस्टिंग मंजूर होण्यात दिवस गेले. ६१ विकले, त्यातले १९ परत आले, तेही दिवाळी झाल्यावर. उरलेले अजून माळ्यावर आहेत. दर वर्षी माळा झाडताना सासूबाई एकदा माझ्याकडे बघतात, बोलत काही नाहीत.

दुकानात माझी स्पर्धा शेजारच्या दोन दुकानांशी होती. गिऱ्हाईक समोर उभं, हातात घेऊन बघतंय, ओळखीचं आहे. ऑनलाइन तसं नसतं. तिथे तुमचा माल अनोळखी माणसाला पन्नास फोटोंच्या गर्दीत दिसतो. त्यामुळे "आमच्या गल्लीत सगळ्यांना आवडलं" याला मी मागणी म्हणत नाही. अनोळखी माणूस आत्ता त्या वस्तूला पैसे मोजतोय का, ती मागणी. तर त्या आठ दिवसांत ताईंनी आणि मी काय काय बघितलं, ते तसंच्या तसं सांगते.

लोक त्या वस्तूला काय म्हणतात?

आपण सोऱ्या म्हणतो, कुणी साचा म्हणतं, कुणी चकलीपात्र. हिंदीवाला "चकली मशीन" शोधेल, तमिळ माणसाची चकली म्हणजे मुरुक्कू, गुजराती घरात तोच साचा शेवेसाठी लागतो. म्हणजे वस्तू एक आणि शोधायचे शब्द पाच-सहा. ॲमेझॉन, फ्लिपकार्ट, मीशो या तिन्हींच्या शोधपट्टीत अर्धाच शब्द टाइप करा आणि थांबा. खाली ज्या सूचना येतात त्या लोकांच्या शोधण्यातून आलेल्या असतात. त्या वहीत लिहून काढा. "स्टील", "पितळी", "मोठा", "हाताने फिरवायचा" असे जे शब्द पुढे लागतात, तीच गिऱ्हाइकाची मागणी, त्याच्याच भाषेत. ताईंनी नुसता "चकली सोऱ्या" शोधला होता आणि म्हणाल्या होत्या, "जास्त कुणी विकतच नाही." शब्द बदलल्यावर पानंच्या पानं निघाली.

गूगल ट्रेंड्स वाचायला शिका

हे फुकट आहे, पण नव्वद टक्के लोक चुकीचं वाचतात (हा आकडा माझ्या बॅचवरून बरं का). तिथे ० ते १०० असा जो आलेख येतो, तो किती लोकांनी शोधलं त्याचा आकडा नसतो. तुम्ही निवडलेल्या काळात आणि भागात जेव्हा सगळ्यात जास्त शोध झाला त्याला १०० धरलेलं असतं, बाकी सगळं त्याच्या तुलनेत. त्यामुळे एकटा शब्द टाकून "अरे वा, १०० आलं" म्हणण्याला काही अर्थ नाही. ज्या वस्तूचा खप तुम्हाला माहीत आहे अशी एखादी वस्तू शेजारी टाका आणि तुलना करा. देश भारत निवडा, मग महाराष्ट्र वेगळा बघा. काळ मागची पाच वर्षं ठेवा.

पाच वर्षं का, तर आपले सण इंग्रजी तारखेला बांधलेले नाहीत. लक्ष्मीपूजन २०२३ ला १२ नोव्हेंबरला होतं, २०२४ ला १ नोव्हेंबरला, २०२५ ला २१ ऑक्टोबरला, आणि २०२६ ला ८ नोव्हेंबरला आहे. आता कुणी २०२५ चा ऑक्टोबर बघून "ऑक्टोबरमध्ये जोरात खप" असं ठरवलं, तर २०२६ मध्ये त्याचं गणित दोन-अडीच आठवड्यांनी चुकणार. कॅलेंडर शेजारी ठेवूनच आलेख बघा. अधिक महिन्याचं तर आणखी गमतीशीर. २०२३ ला अधिक श्रावण होता, २०२६ ला अधिक ज्येष्ठ. जावयाच्या वाणाच्या वस्तूंना त्या महिन्यात उठाव येतो. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात त्याच भरवशावर माल भरला, तर तो माळ्यावर जातो, आमच्या कंदिलांच्या शेजारी.

सोऱ्याचं म्हणाल तर महाराष्ट्रात खरा हंगाम दिवाळीआधीचे काही आठवडे. पण तमिळनाडूत गोकुळाष्टमीलाही घरोघरी मुरुक्कू करतात. म्हणजे राज्याबाहेर विकणाऱ्याला आणखी एक छोटा हंगाम मिळू शकतो. ताईंना हे माहीत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही बॅचमधल्या एका मुलीने सांगितलं.

इथे जीएसटीचा विषय येतोच. १ ऑक्टोबर २०२३ पासून, उलाढाल नोंदणीच्या मर्यादेच्या आत असलेल्या लहान विक्रेत्याला जीएसटी नोंदणीशिवायही ई-कॉमर्सवर वस्तू विकता येतात, पण फक्त आपल्या राज्यात, आणि त्यासाठी पोर्टलवर पॅन देऊन एनरोलमेंट नंबर घ्यावा लागतो. राज्याबाहेर एक नग जरी पाठवायचा असेल तरी नोंदणी हवी. त्यामुळे नोंदणी नसेल तर भारताची मागणी बघून खूश होऊ नका, तुमचा बाजार महाराष्ट्राएवढाच आहे.

आता स्पर्धा. विक्रेते मोजू नका, पहिलं पान वाचा

"किती जण विकतात" हा प्रश्न मला फारसा उपयोगाचा वाटत नाही. दहा हजार जण विकत असतील, गिऱ्हाईक पहिलं पान बघतं आणि निघून जातं. म्हणून पहिल्या पानावरचे वीस माल घ्या आणि वहीत रकाने पाडा: किंमत, किती रेटिंग, शेवटच्या तीस दिवसांतले रिव्ह्यू किती, माल कोण बनवतं, "स्पॉन्सर्ड" लिहिलंय का. ॲमेझॉनवर काही मालांखाली मागच्या महिन्यात इतके नग विकले गेले असं येतं, तेही लिहा. मालाच्या तपशिलात बेस्ट सेलर्स रँक असतो. तो सतत बदलतो, म्हणून आठवडाभर रोज एकाच वेळी नोंदवा. एका दिवसाच्या रँकवर निर्णय घ्यायचा नाही.

एकूण रेटिंग बघून घाबरू नका. आठ हजार रेटिंग पाच वर्षांत जमलेले असू शकतात. रिव्ह्यू "नवीन आधी" असे लावा आणि तारखा मोजा. अलीकडे रिव्ह्यूच येत नसतील तर तो माल थंडावलाय. (स्पर्धकाचा माल कार्टमध्ये ९९९ नग टाकून त्याचा साठा शोधायची युक्ती सगळीकडे सांगतात. बरेच विक्रेते नगांवर मर्यादा लावतात, त्यामुळे आकडा खोटाच निघतो. मी तो उद्योग करत नाही.)

सगळ्यात महत्त्वाचा रकाना "माल कोण बनवतं" हा. पॅकबंद मालाच्या नियमांनुसार १ जानेवारी २०१८ पासून ऑनलाइन लिस्टिंगवरही उत्पादकाचं नाव-पत्ता द्यावा लागतो. आम्ही ते पत्ते वाचत गेलो. स्वस्तातल्या बऱ्याच सोऱ्यांमागे राजकोट. स्वयंपाकघरातल्या अशा वस्तूंचे कारखाने तिथे भरपूर आहेत, आणि त्यातले काही जण स्वतःच ऑनलाइन विकतायत. मी ताईंना विचारलं, "तुमचा होलसेलवाला कुठून आणतो?" त्यांनी फोन लावला. राजकोट! म्हणजे ज्याच्याशी स्पर्धा करायची त्याचाच माल, मध्ये दोन हातांचा नफा देऊन, त्या विकणार होत्या. इथे त्या पहिल्यांदा गप्प झाल्या.

एक आणि दोन स्टारवाले रिव्ह्यू

पाच स्टारवाले वाचू नका, त्यात "नाईस प्रॉडक्ट" सोडून काही नसतं. आम्ही एक-दोन स्टारवाले वाचून काढले, तीनवाले पण. काय निघालं? भाजणीचं पीठ जरा घट्ट झालं की पातळ चकत्या वाकतात. दांडा फिरवताना आटे अडकतात. चकलीला काटा नीट येत नाही. आणि पंधरा-पंधरा चकत्या दिल्यात, वापरात येतात तीन. मी घरी सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "चकली, बारीक शेव, जाड शेव. बाकीच्या डब्यात गंजतात."

म्हणजे तक्रारीत जागा सापडली: जड सोऱ्या, तीनच जाड चकत्या, चांगले आटे. पण थांबा, ही अजून फक्त आपली कल्पना आहे. लोक तक्रार करतात म्हणजे जास्त पैसे देतीलच असं नाही. त्या पानावर ६००-७०० च्या भावात कुणी असा माल विकतंय का आणि त्याला ताजे रिव्ह्यू येतायत का, ते बघायचं. दोन माल सापडले आणि दोन्हींना अलीकडच्या तारखांचे रिव्ह्यू होते. एकही सापडला नसता तर मी ताईंना सरळ नको म्हटलं असतं. जिथे कुणीच विकत नाही तिथे बहुतेक वेळा घेणारंही कुणी नसतं.

हिशोब

ताईंची नोंदणी आहे, म्हणून जीएसटी ५ टक्के धरला आणि खरेदी जीएसटी सोडून, कारण त्याचं क्रेडिट मिळतं. आकडे अंदाजाचे आहेत. तुमचे तुम्ही त्या त्या साइटच्या फी कॅल्क्युलेटरमध्ये आणि सीएकडून तपासा.

पहिल्या पानावर साध्या सोऱ्याचा चालू भाव ४४९ धरला. त्यातून जीएसटी २१, साइटची फी ६०, डिलिव्हरी ७५, पॅकिंग १५, जाहिरात ४०, परत येणाऱ्या मालाची तरतूद २५, खरेदी २४०. बेरीज ४७६. म्हणजे नगामागे २७ रुपये खिशातून. २०० नग हातोहात गेले असते तर ५,४०० रुपयांचा तोटाही हातोहात झाला असता! ताईंनी खरेदी आणि विक्री एवढंच धरलं होतं, २०९ रुपये सुटतात म्हणून.

जड सोऱ्याचा भाव ६९९. जीएसटी ३३, फी ८५, डिलिव्हरी ९५, पॅकिंग २०, जाहिरात ६०, परतीची तरतूद ३५, खरेदी ३००. एकूण ६२८. हातात ७१. फार नाही, पण उणे नाही. डिलिव्हरीत एक लक्षात ठेवा, खोका मोठा असेल तर कुरिअरवाले काट्यावरचं वजन न धरता आकाराचं वजन धरतात: लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणून बहुतेक ठिकाणी ५००० ने भागतात. ३० बाय २० बाय २० चा खोका म्हणजे २.४ किलो, आत एक किलोचाच माल असला तरी. सोऱ्याचा खोका नेमका मापाचा हवा, नाहीतर ते ७१ रुपये तिथेच संपले.

आणखी एक, वस्तूला काही परवाना लागतो का ते याच टप्प्यावर बघा, माल आल्यावर नको. खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय मार्क सक्तीचा आहे. मसाले, लोणची, चकलीची भाजणी विकायची तर एफएसएसएआयची नोंदणी लागते.

ताईंनी ४८ हजारांचा विषय सोडला. बचत गटाला सांगून तूर्त दहाच हजार उचलले. जड सोऱ्याचे २४ नग घेतलेत, ७,२०० चे, बाकी पैसे पॅकिंग आणि जाहिरातीला. दोन नग स्वतः घरी भाजणी मळून वापरून बघितले, त्यातल्या एकाचे आटे अडकले. तो होलसेलवाल्याने बदलून दिला, पण उरलेले बावीसही ताई आता एकेक करून फिरवून बघतायत. लिस्टिंग ऑगस्टमध्येच लावायचं ठरलंय, म्हणजे दिवाळीच्या गर्दीआधी चार-दोन रिव्ह्यू तरी पडतील. सप्टेंबरअखेर किती गेले, किती परत आले, ते बघून पुढची ऑर्डर द्यायची की नाही ते ठरवू. जो आकडा येईल तो व्हिडिओत सांगेन, वाईट असला तरी.