शिकलेल्या मुलांचा कारखाना

आपल्या पनवेलला ही गोष्ट नवी नाही. १८७२ साली वैद्य कृष्णशास्त्री पुराणिक यांनी इथे धूतपापेश्वर हा औषधांचा कारखाना काढला. काढे, भस्मे पोथीत होती, वैद्याला ठाऊक होती. ती गावोगाव पोचली ती कारखान्यामुळे.

आता अलीकडची गोष्ट ऐका. पनवेलहून ठाण्याकडे जाताना महापे लागते. तिथल्या आयडियाफोर्ज कंपनीत ड्रोन तयार होतात. ड्रोन म्हणजे पंख्यांवर उडणारे लहान यंत्र. आत माणूस बसत नाही. तो खाली उभा राहून चालवतो. यंत्राला कॅमेरा असतो.

ही कंपनी कोणा शेटजीने काढली नाही. पवईच्या आयआयटीत शिकलेल्या मुलांनी ती २००७ साली काढली. कॉलेजात यंत्र एकदा उडाले की सगळे टाळ्या वाजवतात. पण गिऱ्हाईक टाळ्यांवर पैसे देत नाही. त्याचे यंत्र वाऱ्यात उडाले पाहिजे, रोज उडाले पाहिजे, मोडले तर दुरुस्त झाले पाहिजे. या खटाटोपात वर्षे जातात, आणि तोवर विक्री नसते. मग खायचे काय? पुष्कळ मुले इथेच हात टेकतात.

म्हणून आयआयटीने २००४ साली 'साइन' नावाची संस्था काढली. ती नव्या कंपनीला जागा देते, सल्ला देते आणि मोबदल्यात कंपनीत थोडा वाटा घेते. एका परीने ही अर्धेलीच, वाटा मात्र लहान! आयडियाफोर्जलाही या संस्थेचा आधार मिळाला.

२००९ साली 'थ्री इडियट्स' सिनेमात त्यांचे यंत्र उडाले. २०१३ साली उत्तराखंडात महापूर आला, तेव्हा अडकलेली माणसे शोधायला त्यांचे ड्रोन वापरले. २०२३ साली कंपनीने आपले शेअर लोकांना विकले. भाव आधी भडकला, मग बराच उतरला. तेव्हा नाव ऐकून कोणी पैसे गुंतवू नयेत, असे आम्हांला वाटते.

आपला संबंध येतो तो गावठाणाच्या मोजणीशी. शेताला सातबारा असतो, पण गावठाणातल्या कितीतरी घरांना सरकारी नकाशाच नव्हता. ती मोजणी आता ड्रोनने होते. आयडियाफोर्जचे ड्रोनही त्या कामी लागले. मोजणीनंतर घराची मिळकत पत्रिका तयार होते. कर्ज काढताना ती उपयोगी पडते.

ड्रोन उडण्याआधी हद्दीवर चुना टाकतात. वरून कॅमेऱ्याला तो चुनाच दिसतो, भाऊबंदांचा तंटा दिसत नाही. चुना चुकीच्या जागी पडला, तर चूक तशीच नकाशावर उतरते. म्हणून त्या दिवशी घरच्या कोणीतरी तिथे हजर राहावे.