ड्राइव्ह गेला म्हणण्याआधी

डोंगरकडा गावात पाहुणे जमले की कपाटातली लग्नाची डीव्हीडी निघते. ती ड्राइव्हमध्ये घातली, नुसती घरघर झाली आणि पडद्यावर काहीच उमटलं नाही, की ‘ड्राइव्ह गेला’ असा निकाल लागतो. मग सीपीयू उचलून नांदेडला न्यायची तयारी. एवढी घाई नको.

डिस्क चालली नाही म्हणजे ड्राइव्हच बिघडला, हा सर्वांत पक्का गैरसमज. कंपनीत छापलेली एक सीडी आणि एक डीव्हीडी लावून बघा. दोन्ही चालल्या तर दोष बहुधा लग्नाच्या डिस्कचा. स्टुडिओत ‘राइट’ केलेल्या डिस्कवरच्या खुणा रंगद्रव्याच्या थरात असतात आणि उन्हा-उष्म्यानं तो थर खराब होतो. सीडी चालते पण डीव्हीडी चालत नाही, असंही घडतं. सीडी ७८० नॅनोमीटरच्या लेझरनं वाचली जाते, डीव्हीडी ६५० च्या. त्यातला एकच थकलेला असू शकतो.

‘चकचकीत बाजू जपली की झालं’ हेही अर्धंच खरं. सीडीतली माहिती नाव लिहायच्या बाजूला, पातळ थराखाली असते. तिथे बॉलपेन टोचलं तर डिस्क कामातून गेली. खालचा बारीक ओरखडा मात्र ड्राइव्ह बऱ्याचदा सांभाळून घेतो. पुसायची ती मधून कडेकडे, सरळ रेषेत. गोल पुसताना ओरखडा पडला तर तो माहितीच्या वाटेवरच लांबवर जातो. ओरखडा घालवायला टूथपेस्ट चोळण्याचा प्रयोग एकुलत्या एका डिस्कवर करू नये, हे माझं स्पष्ट मत.

ट्रे अडकला की लोक स्क्रूड्रायव्हर घेतात! बहुतेक ड्राइव्हच्या तोंडावर बारीक छिद्र असतं. कॉम्प्युटर बंद करा, यू-पिन सरळ करून छिद्रात हळूच दाबा. ट्रे बाहेर येतो. वारंवार अडकत असेल तर अनेकदा आतला रबरी पट्टा सैल झालेला असतो.

ड्राइव्ह ‘माय कॉम्प्युटर’मध्ये दिसतच नाही, तर दुकानदार ‘विंडोज टाकावं लागेल’ म्हणतो. आधी वीज पूर्ण बंद करून सीपीयूतल्या केबल घट्ट बसवा. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये ड्राइव्ह अनइन्स्टॉल करून रीस्टार्ट करा. विंडोज तो पुन्हा शोधून घेतं. यूएसबीवरचा ड्राइव्ह टकटक करत असेल तर त्याला वीज कमी पडत असावी. साध्या यूएसबी २.० पोर्टमधून ५०० मिलिअँपिअर मिळतात, ड्राइव्हला कधी जास्त लागतात. हब काढा, दुसरं पोर्ट बघा.

आणि ड्राइव्ह दिसतो, फाइलीही दिसतात, फक्त सिनेमा लागत नाही? विंडोज ८ पासून डीव्हीडी चालवण्याची सोय सोबत येत नाही. व्हीएलसी हा फुकटचा प्लेअर टाका. लग्न दिसू लागलं की त्याच बैठकीत फाइली हार्ड डिस्कवर आणि पेनड्राइव्हवर उतरवून घ्या.