हार्ड डिस्क तीच, कंट्रोलर दुसरा

जुन्या डेस्कटॉपची हार्ड डिस्क दुसऱ्या मशीनला लावली आणि विंडोज एक्सपीने निळा पडदा दाखवला? कोडच्या शेवटी '७बी' असेल, तर लगेच डिस्कला दोष देऊ नका. डेटा बहुधा जागेवरच असतो. एक्सपी बूट होताना आधीपासून नोंदलेल्या कंट्रोलरचाच ड्रायव्हर उचलते. इंटेलच्या जागी व्हीआयएचा चिपसेट आला की तिला स्वतःचीच डिस्क सापडत नाही.

जुना बोर्ड चालू असेल तर उपाय फुकटचा आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कंट्रोलरचा ड्रायव्हर बदलून 'स्टँडर्ड ड्युअल चॅनेल पीसीआय आयडीई कंट्रोलर' निवडा, मशीन बंद करा (रीस्टार्ट नाही!) आणि मगच डिस्क हलवा. साटा डिस्क असेल तर नव्या बोर्डाच्या बायॉसमध्ये आयडीई मोड ठेवा. एएचसीआयचा ड्रायव्हर एक्सपीसोबत येतच नाही; इन्स्टॉल करताना एफ६ दाबून तो फ्लॉपीवरून द्यायचा, हे आठवणारे आता थोडेच! विंडोज ७ मध्ये रजिस्ट्रीतल्या 'एमएसएएचसीआय'चा 'स्टार्ट' आधीच ० केला की बहुतेक वेळा भागतं.

रेडमधल्या डिस्क मात्र वेगळं प्रकरण. त्यांच्या मांडणीची नोंद प्रत्येक कंपनीचा कंट्रोलर आपल्या पद्धतीने डिस्कवर लिहितो. दुसऱ्या कार्डाने 'इनिशियलाइझ करू का?' विचारलं, तर साफ नाही म्हणा.