जर्सीच्या आत काय?

पेण-रोह्याकडे कबड्डीचे सामने लागले की नजर जाते जर्सीच्या रंगाकडे आणि पाठीवरच्या नंबराकडे. नियमपुस्तिका मात्र त्याच्याही आत डोकावते! बनियन, चड्डी आणि चड्डीखाली टाइट्स किंवा लंगोट, असा पोशाख तिने नेमून दिलाय. अंगाला तेल चोपडायला सक्त मनाई. तेलकट मांडीला पकड बसणार कशी?

लंगोट आपल्याकडे आखाड्यात मुरलेला. अमेरिकेतला त्याचा भाऊ, जॉकस्ट्रॅप, आला १८७४ मध्ये, बोस्टनच्या खडबडीत दगडी रस्त्यांवर सायकल हाणणाऱ्यांसाठी. खालचं असं आधी जपलं, डोक्याची आठवण मात्र मागाहून! यात आइस हॉकीवाले फारच गमतीशीर. त्यांच्या सर्वांत मोठ्या लीगने, एनएचएलने, नव्या खेळाडूंना हेल्मेट सक्तीचं केलं ते थेट १९७९ मध्ये!

मातीवर गुडघा खरचटतो, मॅटवर तो घासून भाजल्यासारखा होतो. म्हणून चड्डीखाली लांब टाइट्स आणि हाताला स्लीव्ह. पातळ कापड स्वतः घासून घेतं, कातडी वाचते.

आता घाम. कोरड्या दिसणाऱ्या सुती धाग्यातही साधारण ८ टक्के ओलावा असतो. पॉलिएस्टरमध्ये अर्ध्या टक्क्याहून कमी, पॉलिप्रॉपिलीनमध्ये जवळजवळ शून्य. सुती बनियन घाम पितं आणि धरून बसतं. कृत्रिम धागा तो पृष्ठभागावर पसरवतो, मग तो लवकर उडतो. बर्फावर ओलं बनियन अंग गारठवतं, कोकणातल्या दमट हवेत तेच मांड्यांच्या सांध्यात गजकर्णाला आमंत्रण देतं. हवामान दोन टोकांचं, दुखणं एकाच बनियनचं. आपल्याकडे उत्तम धाग्याचा घामही सावकाश सुकतो, तेव्हा पिशवीत कोरडा जोड हवाच. महागड्या एका टाइट्सपेक्षा साध्या दोन केव्हाही बऱ्या, हे माझं ठाम मत.

आणि हे पॉलिप्रॉपिलीन बनतं कुठे? पेणहून रोह्याची गाडी पकडा, वाटेत नागोठणे लागेल. तिथल्या पेट्रोकेमिकल कारखान्यात, म्हणजे जुन्या आयपीसीएलमध्ये, पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिएथिलीन दोन्ही तयार होतात. पॉलिप्रॉपिलीन पाण्यावर तरंगतं, इतकं हलकं. १९७० च्या दशकात नॉर्वेच्या हेली हॅन्सन कंपनीने याच धाग्याची आतली बनियनं विकायला काढली. पॉलिएथिलीनची कथा तर आणखी भारी. पिशव्यांचं हे प्लास्टिक, पण त्याच्या अतिलांब साखळ्या एका दिशेत ताणल्या की डायनीमासारखा चिवट धागा मिळतो. स्केटच्या पात्यापासून मान आणि मनगट वाचवणाऱ्या कपड्यांत असे धागे विणतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्डला आइस हॉकीचा सामना चालू असताना अ‍ॅडम जॉन्सन हा खेळाडू मानेवर पातं लागून गेला. त्यानंतर मानेचं संरक्षण अनेक ठिकाणी सक्तीचं झालं. ते व्हायला एक जीव जावा लागला, याचं फार वाईट वाटतं.

जाळीचं बनियनही नॉर्वेचंच. १९३० च्या दशकात तिथल्या एका लष्करी अधिकाऱ्याने ते म्हणे मासेमारीच्या जुन्या जाळ्यापासून बनवलं. भोकांत हवा खेळते, घामाला वाट मिळते. खाडीकाठच्या माणसाला हे सांगायला नकोच.

दुकानात टाइट्स घेताना नुसता कंबरेचा आकडा बघू नका. घालून उकिडवे बसा, बोनस घेताना टाकतो तसा पाय लांब टाका. कंबरपट्टा खाली सरकला किंवा गुडघ्यामागे चुण्या पडल्या तर माप चुकलं. काढल्यावर कातडीवर खोल वळ उमटले तर फार घट्ट. मांडीच्या आतल्या बाजूला जाड शिवण नको, सपाट हवी. दोन पायांच्या मध्ये मियाणी, म्हणजे वेगळा जोडतुकडा, असेल तर उत्तम, कारण चढाईत सगळा ताण तिथेच येतो आणि उसवतंही तिथेच.

धुताना उलटी करून धुवा. कपडे मऊ करणारं सुगंधी द्रव टाळा, त्याचा थर बसला की घाम पसरत नाही. पॉलिप्रॉपिलीनला गरम इस्त्री तर नकोच, ते १६० अंशांच्या आसपास वितळतं.