दम लागणारी माणसं (भाग ९) : चार का, दोन का नाही?

पंप (इन्हेलर) ओढण्याचं तंत्र या वेळी सांगणार होतो. ते पुढच्या आठवड्यात. इंदापूर तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आलंय, त्याला आधी उत्तर द्यायला हवं. वडील सत्तरीपुढचे, बिडीला कधी शिवले नाहीत, पण उमेदीची वर्षं गुऱ्हाळाच्या चुलाणापुढे गेली. आता सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार. आषाढात तुकोबांच्या पालखीबरोबर बारामती ते सणसर चालायचं म्हणतात. ‘आम्ही त्यांना अंगणाबाहेरही जाऊ देत नाही. बरोबर करतो ना?’

नाही. माया म्हणून करता, पण बरोबर नाही.

बसून राहिलेल्याच्या मांड्या आटतात. आटलेले स्नायू थोड्या कामातही लवकर लॅक्टिक आम्ल करू लागतात आणि ते निस्तरायला श्वास वाढतो. नळ्या अरुंद, त्यामुळे आधीची हवा पुरती बाहेर पडायच्या आत पुढचा श्वास घ्यावा लागतो आणि छाती फुगलेलीच राहते. फुप्फुसं होती तेवढीच, दम मात्र आणखी लवकर लागतो. कोपनहेगनच्या पाहणीत (२००६) आठवड्याला निदान दोन तास चालणाऱ्या किंवा सायकल मारणाऱ्या रुग्णांचं या आजारानं दवाखान्यात भरती होणं आणि श्वसनविकारांनी होणारे मृत्यू ३० ते ४० टक्क्यांनी कमी दिसले. मुळात धडधाकट होते तेच चालत असतील, ही शंका उरतेच. तरी आकडा लहान नाही.

पण ‘रोज चालत जा’ हे तर प्रत्येक डॉक्टर सांगतो आणि तुमच्या वडिलांसारखा प्रत्येक नाना मान हलवून घरी येऊन बसतो. इथे माझ्या आवडीचा विषय येतो. विल्यम मिलर या मानसशास्त्रज्ञानं १९८३ मध्ये दारू सोडवण्यासाठी बोलण्याची एक रीत मांडली. त्यात उपदेश जवळपास नाहीच. नानांना विचारायचं, ‘बसल्यापासून काय काय सुटलं?’ बराच वेळ काही नाही म्हणतात, मग हळूच निघतं, ‘डेअरीवर दूध घालायला मी जायचो. आता पोरगं जातं.’ मग पुढचं, ‘उद्यापासून फाट्यापर्यंत जाल, याची दहापैकी किती खात्री?’ ‘चार.’ आपली जीभ लगेच वळवळते, ‘चारच का?’ हे विचारलंत की ते अडचणी मोजू लागतात. त्याऐवजी विचारायचं, ‘चार का, दोन का नाही?’ आता तोच माणूस आपल्याच तोंडानं चालण्याची बाजू मांडू लागतो, ‘तसं परवा गोठ्यापर्यंत गेलोच होतो की.’ हे ऐकायला सून शेजारी बसलेली हवी. ‘बसा तुम्ही, मी करते’ हे वाक्य बहुधा तीच म्हणत असते.

बोलण्यानं सगळं होतं असं मात्र नाही. बार्सिलोनाच्या परिसरात ४०० हून अधिक रुग्णांवर असाच प्रयोग झाला (२०१८) : असा संवाद, आखून दिलेले रस्ते, पावलं मोजायचं यंत्र, मोबाइलवर निरोप. वर्षाअखेर सगळे मिळून पाहिले तर नेहमीचेच उपचार घेणाऱ्यांपेक्षा पावलांत फरक नाही. ज्यांनी नेम पाळला त्यांची मात्र दिवसाला साडेनऊशे पावलं जास्त भरली.

यंत्र नसलं तरी अडत नाही. रस्त्याकडेचे विजेचे खांब मोजा. आज तीन, पुढल्या आठवड्यात चार. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, एवढा दम लागला तर चालतो. ओठ चंबूसारखे करून सावकाश श्वास सोडायचा. ऊसतोडीच्या दिवसांत पाचट पेटवतात. थंडीत तो धूर सकाळी खालीच रेंगाळतो, तेव्हा ऊन वर आल्यावर निघा. आणि जुनी सायकल असेल तर तिच्यावर न बसता हॅंडल धरून शेजारून चाला. हात टेकले की खांद्याचे, छातीचे स्नायू श्वासाच्या मदतीला येतात. परदेशात यासाठी चाकांची चौकट विकत घेतात.

सुरुवातीआधी हृदय आणि चालतानाचा ऑक्सिजन तपासून घ्या. छातीत दुखलं, चक्कर आली, ओठ निळसर झाले तर तिथेच थांबा आणि डॉक्टर गाठा.

आता पालखीचं. यंदा बारामती ते सणसर हा अख्खा टप्पा नको. काटेवाडीला मेंढ्यांचं रिंगण होतं, तिथवर गाडीनं न्या आणि पुढे झेपेल तेवढं दिंडीबरोबर चालू द्या. मागे गाडी ठेवा. किती झेपेल, ते आत्तापासून मोजलेले खांब सांगतील. त्या गर्दीत खिशात पंप हवाच, आणि तो नीट ओढताही यायला हवा; म्हणून पुढच्या भागाआधी घरातला पंप आणि त्याला जोडायची नळी (स्पेसर) काढून ठेवा.